पोटांतील जंत आणि बांधींतील पाय

मूल झोपेंत दांत खाऊं लागलें, अथवा त्याचा चेहरा फिका पडला, कीं "गूळ फार खातो, म्हणून जंत झाले" असा निकाल घरोघरीं दिला जातो. पवनी तालुक्यांतील अड्याळ गांवही त्यास अपवाद नाहीं. गुळाच्या व्यापाऱ्यांनीं या आरोपाचा आजवर निषेध कसा केला नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें, कारण तो सर्वस्वी खोटा आहे. जंत गुळांतून उपजत नाहीं. तो जंताच्या अंड्यांतूनच येतो. तें अंडें कोठून निघतें व कोणत्या वाटेनें पोटांत शिरतें, हें शोधणें हेंच या शास्त्राचें मुख्य काम होय.

ही विद्या परकी नाहीं. नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनीं १९२५ सालीं मांगूर माशाच्या आंतड्यांतील एका नव्या पट्टकृमीचें वर्णन प्रसिद्ध केलें. मांगूर म्हणजे आमच्या तलावबोड्यांतलाच मासा. या कुळांतील कृमींचीं अंडीं चिखलांत पडतात, तेथील गांडुळासारखे बारीक जीव तीं गिळतात, आणि ते जीव माशानें खाल्ले कीं फेरा पुरा होतो. (मांगूर खाणारांनीं भिऊं नये; हा कृमि माशाचा आहे, माणसाचा नव्हे.) पुढें १९३५ सालीं जी. डी. भालेराव यांनीं हिंदुस्थानांतील पाळीव जनावरांच्या कृमींवर ग्रंथच लिहिला. गाईम्हशींच्या यकृतांत सांपडणारा चपटा कृमि आधीं पाण्यांतील गोगलगाईच्या शरीरांत वाढतो व मग तलावाकांठच्या गवताला चिकटून जनावराच्या पोटांत जातो.

माणसाच्या अंकुशकृमीची मुख्य वाट मात्र तोंडावाटे नाहीं, हें कळण्यास फार काळ लागला. मिलान येथील डॉ. दुबिनी यांना हा कृमि १८३८ सालीं प्रेताच्या आंतड्यांत दिसला. पण त्याच्या अळ्या त्वचेंतून शिरतात हें कैरो येथील लूस यांना १८९८ सालीं उमगलें, तेंही अळ्यांचें पाणी त्यांच्या स्वतःच्या हातावर सांडल्यामुळें! विष्ठेंतील अंडीं ओल्या, उबदार, सावलीच्या मातींत फुटतात, अळी अनवाणी पायांतून रक्तांत, रक्तांतून फुप्फुसांत, तेथून घशांत व शेवटीं आंतड्यांत जाते आणि तेथें रक्त पिऊं लागते. एक कृमि दिवसास अगदीं थोडेंच रक्त नेतो. पण शेंकडों कृमि वर्षानुवर्षे राहिले तर अंगांत काय उरणार?

आतां अड्याळच्या भोंवतालच्या धानाच्या बांधी पाहा. पावसाळा, चिखल, बांधाआड शौच, आणि त्याच ओलींत घोट्यापर्यंत पाय रोवून दिवसभर वांकणाऱ्या रोवणीच्या बाया. "पायांत वहाणा घाला" असा उपदेश करणारा मनुष्य बांधींत कधीं उतरलाच नसावा. तेथें वहाण चिखलांतच राहते. म्हणून उपाय पायाशीं नव्हे, विष्ठेशींच केला पाहिजे.

सरकारनें २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला व त्या दिवशीं १ ते १९ वर्षांच्या मुलांस अल्बेंडाझोलची गोळी देण्याची योजना केली, हें स्तुत्य आहे. परंतु गोळी आंतला जंत काढते, मातींतली अळी नव्हे. मूल पुन्हां त्याच वाटेनें चालूं लागलें कीं पुन्हां लागण होते. शिवाय विशी ओलांडलेली रोवणारीण त्या दिवसाच्या हिशेबांत येतच नाहीं. तिचें अंग गळालें तर "बाईची जात, अशक्तच असायची" म्हणून आपण मोकळे होतों.

ज्यांच्या घरीं संडास आहे, पण त्यांत गोवऱ्या व लाकडें रचलेलीं आहेत, त्यांच्याशीं आमचें भांडण आहे. सखल जागीं पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी चढतें, ही त्यांची तक्रार मात्र खरी आहे. तेव्हां खड्डा उंचवट्यावर घ्यावा, विहिरीपासून दूर ठेवावा, आणि दोन खड्डे करून एक भरला कीं तो बंद करून दुसरा वापरावा. हें गवंड्यास मृगापूर्वीं सांगितलें पाहिजे. रोवणी लागल्यावर गवंडीही बांधींतच असतो.