बत्तीस अक्षरांचा सास

बहिणाबाई चौधरींची श्वासावरची ती इवलीशी रचना बोटांवर मोजली, तर बरोबर ३२ अक्षरं भरली. आठ-आठ अक्षरांचे चार चरण, दुसऱ्याचं नि चौथ्याचं यमक. सांगणं एवढंच, की जिवाचा सगळा कारभार श्वासाच्या येण्याजाण्यावर चालतो आणि जगणं नि मरण यांच्यामध्ये जागा आहे ती एका श्वासापुरती. हे तर पारावर बसलेला कुठलाही म्हातारा सांगेल. मग ही ३२ अक्षरं एकदा ऐकली की जिभेवरून उतरत का नाहीत?

आधी 'सास' हा शब्द घ्या. खानदेशी बोलीतला श्वास. प्राकृतातही तो 'सास'च होता. गळ्यावर दोन बोटं ठेवून तो सावकाश म्हणा. 'स' म्हणताना बोटांना काहीच जाणवत नाही, नुसती हवा दातांमागून सरकते. 'आ'ला गळा थरथरतो. पुन्हा 'स', पुन्हा नुसती हवा. श्वासाचं नाव श्वासानंच घडवलेलं! उलटीकडून म्हटला तरी तो 'सास'च. एवढ्याशा रचनेत तो तीनदा येतो.

पण खरी गंमत यमकात आहे: 'तंतर' आणि 'अंतर'. 'तंतर'च्या जागी पुस्तकी 'तंत्र' घालून पाहा. एक अक्षर कमी पडतं, चरण लंगडतो, यमकही जातं. बोलीनं जोडाक्षर सोडवून मध्ये एक 'अ' सरकवला (व्याकरणात याला स्वरभक्ती असं गोड नाव आहे), म्हणून तर कविता उभी राहिली. शुद्धलेखनवाल्यांनी ती दुरुस्त केली असती तर मेलीच असती. शिवाय 'अंतर' म्हणजे लांबी, आणि 'अंतर' म्हणजे आतलं, काळजातलंही. मला दोन्ही ऐकू येतात.

जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेल्या या बाईंना अक्षरओळख नव्हती. घरची-शेतातली कामं करता करता त्या गाणी रचायच्या; मुलगा सोपानदेव आणि एक नातलग ती टिपून ठेवायचे. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आठाचा हिशेब त्यांच्या कानात होता.

हिशेब श्वासाचाही आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. योगपरंपरेत दिवसरात्रीचा आकडा सांगतात २१,६००, म्हणजे मिनिटाला नेमके १५. हातात घड्याळ नसताना! त्या एका श्वासात येते जेमतेम अर्धा लिटर हवा. ती सोडली तरी फुप्फुसांत दोन-अडीच लिटर शिल्लक राहतेच. छाती कधी पुरती रिकामी होत नाही.

आता ती ३२ अक्षरं मोठ्यानं म्हणून पाहा, घाई न करता. एका दमात मावतात. शेवटच्या 'अंतर'शी आवाज थांबतो आणि तुम्ही काही ठरवण्याआधीच छाती पुन्हा भरू लागते.