रंग जुळला, पण कोणत्या उजेडात?

साडीवर ब्लाउजपीस घेताना जाणती बाई कापड दुकानाच्या पायरीवर आणून उजेडात धरते. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा निघतो, हे तिला अनुभवाने माहीत असते.

मोशी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांपुढेही हाच प्रश्न येतो. मोटारीचा सांगाडा पत्र्याचा, बंपर प्लास्टिकचा. दोन्ही बऱ्याचदा वेगवेगळ्या ठिकाणी रंगवले जातात आणि जोडणीच्या वेळी शेजारी येतात. रंग जुळला नाही तर माल परत! रंगवणारा म्हणतो जुळतो, घेणारा म्हणतो जुळत नाही. कोणाचा डोळा खरा?

नुसते ‘तांबडा’ म्हणून हा वाद मिटत नाही. रंगाचे वर्णन तीन गुणांनी करतात. पहिला, वर्णछटा : तांबडा, पिवळा की निळा. दुसरा, उजळपणा : काळ्याकडे झुकणारा की पांढऱ्याकडे. तिसरा, संपृक्तता : रंग किती भरदार. कुंकू आणि वीट दोन्ही तांबूस. पण कुंकू भरदार, वीट मळकट.

तीनच गुण का? रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात. त्यांच्या आधारे आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 1931 साली ‘प्रमाण निरीक्षक’, म्हणजे सरासरी डोळा, आकड्यांत मांडला. 1976 साली आयोगाने रंगाला तीन अंक देणारी पद्धत सुचवली. ‘एल’ म्हणजे उजळपणा, काळ्यासाठी 0 व पांढऱ्यासाठी 100. ‘ए’ धन असेल तर रंग तांबड्याकडे, ऋण असेल तर हिरव्याकडे झुकतो. ‘बी’ तसेच पिवळ्याकडे किंवा निळ्याकडे.

आता दोन रंग म्हणजे अवकाशातले दोन बिंदू. त्यांच्यातले अंतर म्हणजे ‘डेल्टा-ई’. समजा सांगाड्याचे अंक 50, 60, 30 आणि बंपरचे 51, 58, 32 आहेत. फरक 1, 2, 2, वर्गांची बेरीज 9, डेल्टा-ई 3. पायथागोरसचेच प्रमेय, फक्त त्रिमितीत! साधारण 1 इतका फरक सरावलेल्या डोळ्याला जेमतेम कळतो. 3 तर शेजारी ठेवल्यावर सहज दिसावा.

तरीही एक मेख उरते. दोन रंगद्रव्ये वेगवेगळ्या तरंगलांब्या कमीअधिक प्रमाणात परावर्तित करत असली, तरी एका उजेडात ती शंकुपेशींना सारखाच संदेश देऊ शकतात. उजेड बदलला की संदेश बदलतो आणि जुळलेली जोडी फुटते. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून अंकांबरोबर उजेडही सांगावा लागतो : ‘डी-65’ म्हणजे सुमारे 6500 केल्विनचा दिवसाचा उजेड, ‘ए’ म्हणजे तारेच्या बल्बचा. वर्णपटमापी हे उपकरण दर तरंगलांबीला किती प्रकाश परावर्तित होतो ते मोजते. त्यावरून प्रत्येक उजेडातले अंक काढता येतात.

तेव्हा भांडणारे दोघेही खरे असू शकतात. एकाने ट्यूबखाली पाहिले, दुसऱ्याने अंगणात!

मुलांना घरून तांबड्या चिंध्या आणायला सांगा. ट्यूबखाली जोड्या लावून घ्या, मग त्याच जोड्या उन्हात नेऊन पाहा. एखादी तरी जोडी फुटली, तर का फुटली हे मुलांनाच सांगू द्या.