परखीच्या टोकावरचे इंग्रजी

जबलपूरच्या विजय नगरात, दमोह नाक्याच्या बाजूला कृषी उपज मंडी आहे. एप्रिलमध्ये तिथे गव्हाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. पोत्यात परखी खुपसली जाते. परखी म्हणजे टोकदार, एका अंगाने पन्हळ असलेली लोखंडी सळी. ती बाहेर येताना मूठभर दाणे घेऊन येते. पारखणारा ते तळहातावर पसरतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो. इथपर्यंतचा सगळा कारभार हिंदी-बुंदेलीत चालतो. पण माल हमीभावाने सरकारला घालायचा असेल, तर निकाल इंग्रजीत लागतो: एफएक्यू किंवा नॉन-एफएक्यू. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेला शेतकरीही ही तीन अक्षरे बिनचूक उच्चारतो, कारण त्याचे पैसे त्यांवर अडलेले असतात.

‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’ म्हणजे सरासरीइतका बरा माल. केंद्राच्या नेहमीच्या निकषांत काडीकचरा व माती 0.75 टक्के, चिमलेले-फुटके दाणे 6 टक्के आणि ओलावा 12 टक्के चालतो. त्यापुढे 14 टक्क्यांपर्यंत ओल असली तर भाव कापला जातो. हा शब्दप्रयोग दिल्लीत जन्मला नाही, तो लंडनच्या धान्यबाजारातला आहे. जहाज अजून समुद्रात, माल कोणी पाहिलेला नाही, तरी सौदा तर व्हायला हवा. मग त्या हंगामात त्या बंदरातून आलेल्या मालाची सरासरी प्रत धरायची आणि तिच्यावर करार करायचा. 1878 मध्ये स्थापन झालेल्या लंडन कॉर्न ट्रेड असोसिएशनने असे करार छापील केले.

जबलपूर त्या बाजाराला जोडले गेले ते रुळांमुळे. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मार्च 1870 मध्ये मुंबईकडचा व कलकत्त्याकडचा लोहमार्ग जबलपुरात एकमेकांना मिळाले. आफ्रिकेला वळसा घालून जाताना गव्हात सोंडे पडत, ती भीती कमी झाली. 1879 मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसातल्या जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानच्या गव्हावर अहवाल काढला. व्यापाऱ्यांना चारच खाने पुरत: मऊ किंवा कठीण, पांढरा किंवा लाल. नर्मदाकाठच्या माणसाला ते पुरत नव्हते. त्याच्याकडे मऊ पिसी होती, कठीण कठिया होता, जलालिया होता. कोणता कोणत्या जमिनीत घालायचा आणि कशाच्या पोळ्या चांगल्या होतात, हे त्याला नावावरूनच कळे. चार खान्यांत ही माहिती बसली नाही, आणि व्यापाऱ्याला ती नकोही होती.

म्हणूनच इंग्रजीचा रस्ता इथे काट्यापाशी संपला, असे मला वाटते. इंग्लंडच्या शेतकऱ्याची शब्दसंपत्ती काही कमी नव्हती. तिथे कापलेल्या पेंढ्या उभ्या करून एकमेकींना टेकवून ठेवत, त्या रचलेल्या गटाला ‘स्टूक’ म्हणत. तिथली कापणी ऑगस्टात, पाऊस कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ही वाळवणी. जबलपुरात कापणी मार्च-एप्रिलात, वरून ऊन आणि लू. जे काम करावेच लागत नाही, त्याचा शब्द येणार कुठून?

काही कामे मात्र दोन्हीकडे होती आणि तरीही शब्द आले नाहीत. कापणीनंतर शेतात गळालेल्या ओंब्या वेचणे, आपला सरवा, बुंदेलखंडात ‘सीला’. इंग्लंडात ते ‘ग्लीनिंग’. गावोगावी त्यासाठी चर्चची घंटा वाजे, तिच्याआधी कोणी शेतात पाऊल टाकायचे नाही. गरिबांचा हा हक्क आहे की मालकाची मेहेरबानी, हा वाद कोर्टात गेला आणि 1788 मध्ये निकाल गरिबांच्या विरुद्ध लागला. आपल्याकडे सरव्यावरून एवढी कायदेशीर उठाठेव झाल्याचे ऐकिवात नाही.

(‘कॉर्न’ची गंमत वेगळीच. इंग्लंडात 1846 मध्ये रद्द झालेले ‘कॉर्न लॉज’ मुख्यतः गव्हाचे. आज विजय नगरच्या गाड्यावर ‘कॉर्न’ मागितले तर लोणी लावलेला मका मिळेल.)

उलट दिशेने मात्र शब्द गेले. सिहोरा-पाटणच्या काळ्या जमिनीत शेताला बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडत. ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून देत आणि त्याच ओलीवर, एकही पाणी न देता, गहू पेरत. तण आपोआप कुजे. या भागाला हवेली म्हणतात आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या दप्तरात तो शब्द तसाच लिहिला.  

1781 ते 1817 इथे मराठ्यांचा अंमल होता, आधी सागरकरांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा. ओंबी, कुसळ, उफणणी हे आपले शब्दही इथल्या रानात रुजले नाहीत. बाल, टूंड, उड़ावनी आपल्या जागी राहिले. मराठी टिकली ती घरात, उन्हाळ्यात गहू भिजवून चीक काढताना आणि कुरडया घालताना.

शेतात इंग्रजी शिरली ती यंत्रावर बसून: थ्रेशर, हार्वेस्टर. ज्या हार्वेस्टरने इंग्लंडातला स्टूक मोडीत काढला, त्यानेच इथली गहाई (मळणी) आणि उड़ावनी एका फेरीत उरकली. पण हार्वेस्टर वरून कापतो, धसकटे उंच राहतात आणि मूग घालायची घाई असल्याने लोक ती पेटवून देतात. दर उन्हाळ्यात जिल्हाधिकारी त्यावर बंदीचा हुकूम काढतात. त्या हुकमात या धसकटांना बुंदेली नावच असते, नरवाई.