लवकर उमलणारे डॅफोडिल आणि निरोगी बेणे

इंग्लंडच्या नैऋत्य टोकास कॉर्नवॉल परगणा असून त्यापुढे समुद्रात सिली बेटे आहेत. तेथील हिवाळा सौम्य असल्यामुळे इतरत्र थंडीने पिके थांबलेली असताना येथे डॅफोडिल उमलू लागते. १८५९ मध्ये कॉर्नवॉलची रेल्वे लंडनशी जोडली गेली आणि पुढील काही दशकांत ही फुले लंडनच्या बाजारात नियमित जाऊ लागली. बाजारात दुसरे फूल नसताना आलेल्या जुडीस जो भाव मिळतो, तो महिन्याभराने मिळत नाही. लवकर फुलण्याचे मोल ते हेच.

सिली बेटांवर 'सोलेय दॉर' ही सुवासिक जात घेतात. उन्हाळ्यात कंद जमिनीत विश्रांती घेत असताना शेतकरी वाफ्यांवर पेंढा जाळीत, आणि त्या वाफ्यांतील फुले काही आठवडे आधी येत. धुरातील इथिलीन वायूचा हा परिणाम होय. आंब्याच्या अढीत फळे पिकविणाराही हाच वायू.

परंतु खरा उपाय म्हणजे मुळातच लवकर फुलणारी जात. १९६० च्या दशकात कॉर्नवॉलमधील रोझवॉर्न येथील सरकारी प्रायोगिक केंद्राने अशा जातींची पैदास हाती घेतली होती. संकर करताना मादी म्हणून निवडलेल्या फुलाचे परागकोष ते उमलण्यापूर्वीच काढून टाकतात व दुसऱ्या जातीचा पराग कुक्षीवर लावतात. बियांपासून झालेल्या रोपास पहिले फूल येण्यास साधारणपणे पाच वर्षे लागतात. शेकडो रोपांतून एखाददुसरे ठेवावयाचे, व त्याचे कंद वाढवीत बाजारापुरता साठा करण्यास आणखी दहाएक वर्षे घालवावयाची.

बाजाराचे आणि प्रदर्शनाचे फूल निराळे असते. दूरच्या बाजारासाठी मिटलेली कळीच तोडतात. प्रदर्शनासाठी फूल पूर्ण उमललेले, पाकळ्या सपाट व निर्दोष आणि दांडा सरळ असावा लागतो.

एवढी वर्षांची मेहनत सूत्रकृमी मातीस मिळवू शकतो. पानांवर पिवळसर, किंचित उंचावलेले ठिपके दिसतात आणि कंद आडवा कापल्यास आत तपकिरी कडी आढळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या किडीने तेथील धंदाच धोक्यात आणला. १९१६-१७ च्या सुमारास विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत जेम्स रॅम्सबॉटम या तरुण संशोधकाने उपाय सिद्ध केला. विश्रांतीतील कंद सुमारे ११० अंश फॅरनहाइट (४३ अंश सेल्सिअस) तापमानाच्या पाण्यात तीन ते चार तास ठेवल्यास कृमी मरतो व कंद जगतो. पाणी कमी तापले तर कृमी वाचतो, अधिक तापले तर कंदातील फूल करपते. म्हणून सारी भिस्त तापमापकावर असते.

ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांस ही गोष्ट परकी वाटू नये. गवताळ वाढीचा रोग टाळण्यासाठी उसाचे बेणे ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दोन तास ठेवतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. डॅफोडिलला थंडी लागते. ते आपल्या मैदानी शिवारातील पीक नव्हे. परंतु निशिगंध असो वा हळद, बेणे रोगट असेल तर उत्तम जात व चढा भाव दोन्ही व्यर्थ जातात. लागवडीपूर्वी थोडे बेणे कापून पाहावे, रोगट वेगळे काढून नष्ट करावे, आणि मगच बाजाराचा हिशेब मांडावा.