पाव शिळा का खायचा?

भगिनींनो, येसकरपाळीच्या बदल्यात दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे सोडा, स्वाभिमानाने जगा, असे बजावले. आज आपण कष्टाच्या पैशाने पाव विकत घेतो. तो वाया जाऊ नये आणि मुलांच्या ताटात शिळाही पडू नये.

पुष्कळ घरांत उरलेला पाव फ्रिजच्या खालच्या भागात ठेवतात. त्या थंडाव्यात पावातला स्टार्च बाहेरच्यापेक्षाही लवकर घट्ट होतो आणि पाव कडक पडतो. वरच्या बर्फाच्या कप्प्यात पाव पूर्ण गोठला, की ही क्रिया जवळजवळ थांबते.

म्हणून लादी आणली, की त्या दिवशी लागणारे पाव बाजूला काढावेत. पाव गरम असेल तर निवू द्यावा. उरलेले सुटे करून एका वेळेपुरते पिशवीत भरावेत, हवा दाबून काढावी व तोंड घट्ट बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. लहान कप्प्यातला पाव आठवडाभरात संपवावा. स्लाइस गोठलेलीच मंद आचेवर तव्यावर टाकावी; लादीपाव अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून मग शेकावा. वीज जाऊन पाव मऊ पडला तर पुन्हा गोठवू नये, खाऊन टाकावा.

गोठवल्याने बुरशी मरत नाही. बुरशी आलेला पाव खरवडून मुलांना देऊ नये, टाकून द्यावा. आपल्या घामाचा घास आपण ताजाच खाऊ.

जय भीम!