फडके, वासुदेव बळवंत

(४ नोव्हेंबर १८४५–१७ फेब्रुवारी १८८३). ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र बंड उभारणारे महाराष्ट्रातील क्रांतिकारक. जन्म पनवेलजवळील शिरढोण येथे. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. फडके पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीस असताना आईच्या आजारपणात त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही व अंत्यदर्शन चुकले. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमधील रयतेची उपासमार पाहून मात्र या वैयक्तिक संतापाला राजकीय वळण लागले. सुशिक्षितांकडून अर्थसाहाय्य मिळेना, तेव्हा त्यांनी सावकारांचे धन लुटून सैन्य उभारण्याचे ठरविले.

या योजनेतच तिच्या अपयशाचे बीज होते. रामोशी, कोळी आदींना जमवून त्यांनी २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला दरोडा घातला. पुढील दरोड्यांतून द्रव्य मिळाले, पण सैन्य उभे राहिले नाही. अनेक साथीदारांचे लक्ष वाटणीवर होते. खिन्न होऊन फडके श्रीशैलमला गेले. तेथे प्राणत्यागाचा विचार करीत असतानाच, एप्रिलमध्ये त्यांनी आत्मवृत्त लिहिले. मग हा विचार सोडून निजामाच्या मुलुखात रोहिल्यांना मिळविण्याचा त्यांनी खटाटोप केला. मे महिन्यात त्यांच्या नावे जाहीरनामा निघाला. त्यात रयतेस काम द्यावे, कर कमी करावेत, अशा मागण्या असून गव्हर्नराच्या शिरासाठी बक्षीसही लावले होते. केवळ दरोडेखोराची ही भाषा नव्हे. त्याच महिन्यात कोकणात पळस्पे व चिखली लुटून परतणारे त्यांचे प्रमुख सहकारी दौलतराव नाईक मारले गेले आणि बंडाचा कणा मोडला. पुण्याच्या सुशिक्षितांचाही सरकारला संशय आला, न्या. म. गो. रानडे यांची धुळ्यास बदली झाली.

जुलै १८७९ मध्ये कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे, आजारी व थकलेल्या अवस्थेत झोपले असता, मेजर डॅनियल यांनी फडके यांना पकडले. पुण्याच्या खटल्यात गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली. तथापि आरोपीची रोजनिशी व आत्मवृत्त हाच त्याच्याविरुद्धचा बळकट पुरावा ठरला. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांची रवानगी त्या काळी मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या एडनला झाली. तुरुंगाचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते एकदा निसटले, पण लवकरच पुन्हा पकडले गेले. पुढे प्रकृती ढासळत जाऊन तेथेच त्यांचे निधन झाले.