बाजार-व्याप्ती निर्देशकांचे अर्थनिर्णयन आणि अल्पकालीन समभाग व्यवहार : हिंजवडीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
पुणे शहरालगतचे हिंजवडी हे राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे प्रमुख केंद्र बनले आहे. १९८१ मध्ये पुण्यातच स्थापन झालेल्या इन्फोसिससह टीसीएस व विप्रो या कंपन्यांची कार्यालये येथे आहेत. यांपैकी इन्फोसिस व टीसीएस यांचे समभाग निर्देशांकात वजनदार मानले जातात. त्यामुळे येथील नोकरदार तरुणाचे वेतन ज्या उद्योगावर अवलंबून असते, त्याच उद्योगाच्या चढउताराने तो पाहत असलेला निर्देशांकही हलतो. ‘निर्देशांक म्हणजेच बाजार’ हा समज अशा वेळी महागात पडतो. प्रस्तुत लेखात हा समज तपासणाऱ्या बाजार-व्याप्ती निर्देशकांचे (मार्केट ब्रेड्थ) स्वरूप व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

व्याप्तीची संकल्पना :
१ सप्टेंबर २००३ पासून सेन्सेक्सची गणना मुक्त-प्रवाही बाजारमूल्यावर (फ्री-फ्लोट) आधारित आहे. साहजिकच मोठ्या कंपनीचे मत मोठे आणि लहान कंपनीचे मत लहान ठरते. व्याप्ती मोजताना मात्र प्रत्येक समभागाला एकच मत असते. दिवसअखेर किती समभाग वाढले आणि किती घसरले, एवढाच तिचा मूळ प्रश्न आहे.

१२ एप्रिल २०१३ चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिमाही निकालानंतर इन्फोसिसचा समभाग त्या दिवशी सुमारे २१ टक्क्यांनी कोसळला आणि सेन्सेक्स सुमारे ३०० अंशांनी खाली आला. या घसरणीचा बहुतांश भार त्या एकाच समभागाचा होता. केवळ निर्देशांक पाहणाऱ्यास ती सार्वत्रिक मंदी वाटली असती. वस्तुतः तो प्रामुख्याने एका कंपनीवरील निकाल होता.

प्रमुख निर्देशक :
१) वाढ-घट गुणोत्तर : वाढलेल्या समभागांच्या संख्येस घसरलेल्यांच्या संख्येने भागले असता हे गुणोत्तर मिळते. ते १ पेक्षा अधिक असल्यास तेजी व्यापक समजावी.

२) वाढ-घट रेषा : दोन्ही संख्यांतील दैनंदिन फरकाची ही संचयी बेरीज होय. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तिची दिशा अधिक अर्थपूर्ण असते.

३) आर्म्स निर्देशांक (ट्रिन) : रिचर्ड आर्म्स यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या या निर्देशकात वाढ-घट गुणोत्तरास वाढलेल्या व घसरलेल्या समभागांच्या उलाढालीच्या गुणोत्तराने भागतात. समजा, १,००० समभाग वाढले व २,००० घसरले. त्यांची उलाढाल अनुक्रमे ३० कोटी व ९० कोटी समभागांची झाली. पहिले गुणोत्तर ०.५०, दुसरे ०.३३, म्हणून ट्रिन १.५ येतो. १ पेक्षा अधिक मूल्याचा अर्थ असा की, संख्येवरून दिसते त्याहून विक्रीचा जोर अधिक आहे.

४) मॅक्लेलन दोलक : १९६९ मध्ये शेरमन व मॅरियन मॅक्लेलन या दांपत्याने तो विकसित केला. वाढ-घट फरकाच्या १९ व ३९ दिवसांच्या घातीय चल सरासरींमधील अंतर तो दर्शवितो.

विसंगतीचा अर्थ :
निर्देशांक नवा उच्चांक गाठतो, परंतु व्याप्ती त्याला साथ देत नाही, या स्थितीस विसंगती म्हणतात. २९ जानेवारी २०१८ रोजी ३६,२८३ वर बंद झालेला सेन्सेक्स २८ ऑगस्ट रोजी ३८,८९६ वर पोहोचला. त्याच वेळी मिडकॅप व स्मॉलकॅप निर्देशांक मात्र जानेवारीतील उच्चांकांच्या बरेच खाली होते. आयएल अँड एफएस प्रकरणानंतर २६ ऑक्टोबरपर्यंत सेन्सेक्स सुमारे ३३,३०० पर्यंत घसरला.

या घटनेतून दोन बोध मिळतात. व्याप्तीने दिलेला इशारा खरा होता. तथापि तो वेळ सांगणारा नव्हता. वसंत ऋतूतच विसंगती पाहून निर्देशांकात मंदीचा व्यवहार करणारा ऑगस्टपर्यंत तोट्यात राहिला असता. म्हणून अल्पकालीन व्यवहारात व्याप्ती हे प्रवेशाचे कारण न मानता जोखीम कमी-अधिक करण्याचे साधन मानणे इष्ट ठरते. तेजी मोजक्या समभागांपुरती उरल्यास व्यवहाराचा आकार घटवावा, हा तिचा व्यवहार्य अर्थ होय.

मर्यादा :
मुंबई व राष्ट्रीय शेअर बाजारांतील नोंदणीकृत समभागांची संख्या भिन्न असल्याने दोहोंचे आकडे एकत्र वाचू नयेत. अत्यल्प उलाढालीच्या समभागांनाही समान मत मिळते, हा दोष लक्षात घ्यावा. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स १३ टक्क्यांहून अधिक कोसळला. अशा दिवशी बहुतांश समभाग एका दिशेने जातात आणि व्याप्ती निर्देशांकापेक्षा वेगळे काही सांगत नाही.

निष्कर्ष :
सेबीच्या जुलै २०२४ मधील अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये रोख विभागात इंट्राडे व्यवहार करणाऱ्या दर दहांपैकी सात व्यक्तींना तोटा झाला. ३० वर्षांखालील गटात हे प्रमाण ७६ टक्के होते. हा वयोगट महाविद्यालयाच्या वर्गातून नुकताच बाहेर पडलेला आहे. कोणताही निर्देशक हा तोटा टाळण्याची हमी देत नाही. परंतु वाणिज्य व संख्याशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांकडून दररोजच्या वाढ-घट आकड्यांची नोंद ठेवून घेतल्यास, सरासरीमागे काय दडते, हे त्यांना स्वतःचे पैसे न गमावता उमगेल. व्याप्तीच्या अभ्यासाचे शैक्षणिक मोल यातच आहे.